मातीचे धरण: उभे कसे राहते, फुटते कसे आणि गावाने काय पाहावे

मातीचे धरण म्हणजे ओढ्याला किंवा लहान नदीला आडवा घातलेला माती-मुरुमाचा भराव. त्यामागे पावसाचे पाणी साठते आणि पुढे पाटाने किंवा उपशाने शेताला मिळते. सिमेंट-दगडाच्या उंच भिंती आपल्या डोळ्यांसमोर पटकन येतात, पण महाराष्ट्रातील बहुतेक धरणे मातीचीच आहेत. राष्ट्रीय नोंदवहीनुसार राज्यात २,३०० हून अधिक मोठी धरणे आहेत. देशातील इतर कोणत्याही राज्यात इतकी नाहीत. गावोगावचे सिंचन तलाव, पाझर तलाव आणि गावतळी त्या मोजणीत धरलेली नाहीत.

अशा धरणांबद्दल एक समज सर्वत्र आढळतो: पाणी अडवते ते चांगले धरण आणि झिरपते ते वाईट. हा समज अर्धाच खरा आहे. मातीच्या प्रत्येक धरणातून पाणी झिरपते. ते कुठून, किती आणि कसे बाहेर पडते यावर धरणाची सुरक्षितता ठरते.

वर्धा जिल्ह्यात मातीचीच धरणे का?

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीहून पवनारकडे निघाले की धाम नदी लागते. या नदीच्या वरच्या भागात महाकाळीचे धरण आहे. तिथून सोडलेले पाणी येळाकेळी आणि पवनार येथे उचलून वर्धा शहराला पुरवले जाते. सेलू तालुक्यातील बोर नदीवरचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. तेही मातीचेच असून त्याची उंची सुमारे ३६ मीटर आणि लांबी एक किलोमीटरहून अधिक आहे. ही झाली मोठी नावे. त्यांच्याबरोबर जिल्ह्यातील नाल्यांवर आणि ओढ्यांवर कितीतरी लहान मातीचे तलाव आहेत.

यामागे साधी कारणे आहेत. वर्ध्यात पाऊस वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. कापूस, सोयाबीन आणि तूर पावसावर निघतात. रब्बीच्या गहू-हरभऱ्याला आणि आर्वी, आष्टी, कारंजा भागातील संत्र्याच्या बागांना साठवलेले पाणी लागते. जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्ट खडकावर आहे. वर चिकण काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग खडक असे थर सापडतात. धरणाला लागणाऱ्या दोन मुख्य वस्तू, म्हणजे पाणी रोखणारी काळी माती आणि तिला आधार देणारा मुरूम, अशा जवळच मिळतात. सिमेंट आणि दगड लांबून आणण्यापेक्षा हे स्वस्त पडते. शिवाय मातीचा भराव पायावर बराच पसरलेला असल्याने त्याला काँक्रीटच्या धरणासारखा अखंड, कणखर खडक पायाशी लागत नाही.

विदर्भाला ही कला नवी नाही. पूर्वेकडील भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव आजही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने ओळखले जातात. नवेगाव बांध हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. मातीची पाळ, एका बाजूला जादा पाणी काढून देणारी वाट आणि खाली धानाची शेती अशी त्यांची रचना. मालगुजारी गेल्यावर हे तलाव सरकारकडे आले आणि पाळीची देखभाल करणारी गावातली जुनी व्यवस्था बऱ्याच ठिकाणी मोडली.

‘लघु’ म्हणजे किती लहान?

सरकारी कागदांवरचा ‘लघु प्रकल्प’ हा शब्द धरणाची उंची सांगत नाही. तो धरणाखाली किती जमीन भिजू शकते ते सांगतो. लागवडीयोग्य लाभक्षेत्र २,००० हेक्टरपर्यंत असेल तर प्रकल्प लघु, २,००० ते १०,००० हेक्टर असेल तर मध्यम आणि त्याहून जास्त असेल तर मोठा. महाराष्ट्रात १०० हेक्टरपर्यंतच्या योजना जिल्हा परिषदेकडे असतात, ६०० हेक्टरपर्यंतच्या योजना २०१७ पासून मृद व जलसंधारण विभागाच्या कक्षेत येतात आणि त्यापुढच्या जलसंपदा विभागाकडे.

धरण सुरक्षेच्या कायद्याची फूटपट्टी वेगळी आहे. तिथे उंची पाहतात. त्यामुळे सिंचनाच्या हिशेबात लघु असलेले धरण सुरक्षेच्या हिशेबात मोठे ठरू शकते. डोंगराळ भागात दरी अरुंद असल्याने उंच भराव घालूनही थोडीच जमीन भिजते. अशा ठिकाणी ‘लघु’ या शब्दावर विसंबून राहणे धोक्याचे असते.

गावात सगळ्यांनाच ‘तलाव’ म्हणत असले तरी प्रकार ओळखणे उपयोगी पडते. सिंचन तलावाला पाण्याची वाट उघडबंद करणारे दार आणि पाट असतो. पाझर तलावाला पाट नसतो. त्यातले पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना लागावे हाच त्याचा हेतू असतो. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर असे पाझर तलाव मोठ्या संख्येने झाले. शेततळे एका शेतकऱ्याचे असते, तर कोल्हापुरी बंधारा मातीचा भराव नसून फळ्या घालून नदीपात्रातच पाणी अडवणारी बांधीव रचना असते.

भरावाच्या आत काय असते?

बाहेरून गवताळ टेकाडासारखा दिसणारा भराव आत एकजिनसी नसतो. मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा असतो. त्याचे काम पाणी रोखणे. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात, म्हणून ती उघडी ठेवत नाहीत. तिच्या दोन्ही बाजूंनी मुरुमाचे जाड कवच असते. कवच भरावाला वजन देते, उतार स्थिर ठेवते आणि गाभ्याचा ओलावा टिकवते.

गाभा जमिनीवरच संपत नाही. भरावाखाली लांबीभर चर खणून, शक्यतो खडक किंवा घट्ट थर लागेपर्यंत, तो चिकण मातीने भरतात. पाणी भरावाखालून वाट काढू नये म्हणून ही सोय.

पाण्याकडच्या उतारावर दगडांचे अस्तर असते, त्याला ‘पिचिंग’ म्हणतात. लाटांनी माती खरवडू नये यासाठी ते असते. गावाकडच्या उतारावर गवत असते. त्या उताराच्या पायथ्याशी, भरावाच्या आत, वाळू-खडीचे निचरा थर आणि दगडी पायथा असतो. धरणाच्या सुरक्षिततेचे बरेचसे काम हा न दिसणारा भाग करतो.

भराव केवढा असतो याचा अंदाज एका हिशेबाने येईल. समजा धरण १२ मीटर उंच आहे आणि माथा ४ मीटर रुंद आहे. पाण्याकडचा उतार १ मीटर उंचीला ३ मीटर आणि गावाकडचा १ मीटरला २ मीटर धरला, तर पायाची रुंदी ४ + ३६ + २४, म्हणजे ६४ मीटर होते. एवढ्या मातीच्या वजनावर आणि पसरलेल्या पायावर धरण उभे असते.

या भरावाखालून एक नळ किंवा बांधीव मोरी जाते. तिच्या तोंडाशी विहिरीसारखी रचना आणि दार असते. यातून पाटाला पाणी सोडतात. त्याला विमोचक म्हणतात. तिसरा महत्त्वाचा भाग म्हणजे सांडवा. तलाव भरल्यावर जादा पाणी भरावाला न शिवता ज्या वाटेने निघून जाते ती ही वाट. ती बहुतेक वेळा भरावाच्या टोकाला, मूळ जमिनीत कापलेली असते. सांडव्याची पातळी भरावाच्या माथ्यापेक्षा बरीच खाली ठेवलेली असते. पूर आला तरी पाणी आणि माथा यांच्यात मोकळी उंची उरावी, हा त्यामागचा हेतू.

बांधताना काय जपतात?

माती नुसती ओतून धरण होत नाही. ती २०-२५ सेंटिमीटरच्या थरांत पसरतात, ठरलेल्या प्रमाणात ओली करतात आणि रोलरने दाबतात. कोरडी माती नीट दबत नाही आणि जास्त ओली माती रोलरखाली सरकते. प्रत्येक थराची घनता तपासूनच पुढचा थर टाकायचा असतो. एखादा थर सैल राहिला तर पाण्याला आत आडवी वाट मिळते आणि ती बाहेरून कधीच दिसत नाही.

दोन जागी विशेष जपावे लागते. पहिली घळभरणी, म्हणजे नदीपात्राचा शेवटी ठेवलेला मोकळा भाग भरणे. हे काम दोन पावसाळ्यांच्या मधल्या काळात उरकावे लागते. घाईत दाबाई कमी पडली तर जिथे पाण्याचा दाब सर्वाधिक तोच भाग कच्चा राहतो. दुसरी जागा विमोचकाच्या भोवतालची. बांधकामाला चिकटून माती दाबायला मोठा रोलर पोहोचत नाही, म्हणून तिथे हाताने किंवा लहान यंत्राने माती ठोकावी लागते. पाणी अशा सांध्याच्याच कडेने वाट शोधते.

पानशेतची आठवण इथे अटळ आहे. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेले पानशेतचे मातीचे धरण तेव्हा पूर्ण झालेले नव्हते, तरी त्यात पाणी साठले होते. भरावाखालच्या अपुऱ्या राहिलेल्या विमोचकाच्या मोरीशी माती खचली, माथा खाली बसला आणि पाणी वरून वाहू लागले. पानशेतच्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फोडले आणि पुण्यात हाहाकार झाला. पाणी अडवायला सज्ज होण्याआधीच धरणात पाणी साठू देण्याची किंमत महाराष्ट्राने तेव्हा मोजली.

पाणी झिरपतेच, मग धरण टिकते कसे?

तलाव भरला की पाणी हळूहळू मुरूम आणि गाभ्यात शिरते. गाभ्यातून जाताना त्याचा जोर उतरतो. भरावाच्या आत ओल्या आणि कोरड्या मातीची एक सीमा तयार होते. तिला झिरपरेषा म्हणू. धरण नीट असेल तर ही रेषा गावाकडच्या उताराला वर कुठेही न भेटता पायथ्याच्या निचरा थरात उतरते. तिथून पाणी थेंबाथेंबाने चारीत येते.

निचरा थरातील वाळू गाळणीचे काम करते. तिचे दाणे असे निवडलेले असतात की पाणी निघून जावे, पण मागची माती त्याच्याबरोबर जाऊ नये. दाण्यांच्या आकाराचे हे प्रमाण ठरवणारे नियम मृदा यांत्रिकीचे जनक कार्ल टर्झाघी यांनी घालून दिले आणि त्यांच्याच आधारे आजही गाळण्या आखल्या जातात.

म्हणून पायथ्याच्या चारीत स्वच्छ पाणी येत असेल तर लगेच घाबरायचे कारण नाही. त्याचे प्रमाण मोजत राहायचे. त्यासाठी चारीत व्ही आकाराची खाच असलेली पट्टी बसवतात. खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून गळती कळते. तलावाची पातळी तेवढीच असताना गळती गेल्या वर्षापेक्षा वाढली असेल तर ती धोक्याची सूचना आहे. ती अचानक थांबली तरी विचार करावा लागतो, कारण निचरा बुजून पाणी आत तुंबत असण्याची शक्यता असते.

पाणी गढूळ झाले की प्रश्न बदलतो. गढूळ पाणी म्हणजे भरावाची माती बाहेर येत आहे.

मातीचे धरण फुटते कसे?

जगभरातील मातीच्या मोठ्या धरणांच्या फुटींचा अभ्यास केला असता दोन कारणे ठळक दिसतात. जवळपास निम्मी धरणे माथ्यावरून पाणी वाहिल्याने फुटली आणि जवळपास तितकीच आतून माती वाहून गेल्याने. उतार घसरणे, भूकंप अशी कारणे त्या मानाने थोडी.

माथ्यावरून पाणी वाहणे हा सांडव्याशी निगडित धोका आहे. काँक्रीटच्या धरणावरून पाणी वाहिले तर ते बहुधा टिकते. मातीचे टिकत नाही. पाणी गावाकडच्या उतारावरून वेगाने उतरते, माती खरवडते, पायथ्याशी खड्डा पाडते आणि तो खड्डा मागे मागे सरकत माथा कापतो. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधील मच्छू-२ धरणाचे मातीचे भाग असेच वाहून गेले आणि मोरबी शहर पाण्याखाली गेले.

सांडवा किती लागतो हेही हिशेबाने पाहता येईल. तलावाचे पाणलोट ५ चौरस किलोमीटर असून तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला निम्मा वाहून आला, तर अडीच लाख घनमीटर पाणी येते. म्हणजे सरासरी सेकंदाला २३ घनमीटर, आणि ऐन भरात त्याहून जास्त. पाटाचा विमोचक त्यातला अगदी थोडा भाग काढू शकतो. बाकी सगळे सांडव्यातूनच जायला हवे.

भारतीय मानकांप्रमाणे लहान धरणाचा सांडवा साधारणपणे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखतात. खाली मोठी वस्ती असेल तर त्याहून मोठा पूर धरतात. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ तो पूर शंभर वर्षांनी येईल असा नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का असते. धरणाच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात तो किमान एकदा येण्याची शक्यता त्यामुळे सुमारे ४० टक्के होते. सांडव्याची निम्मी रुंदी झुडपांनी किंवा अतिक्रमणाने गेली, तर हा हिशेब आणखी बिघडतो.

दुसरे कारण आतून पोखरले जाण्याचे. कुठेतरी सैल थर, जुने मूळ, बिळ किंवा मोरीलगतची फट असते. पाणी तिच्यातून वेगाने जाते आणि बरोबर मातीचे कण नेते. वाट रुंदावते, वेग वाढतो आणि आणखी माती जाते. आत नळीसारखे भोक पडते आणि शेवटी वरची माती त्यात कोसळते. ५ जून १९७६ रोजी अमेरिकेतील आयडाहो राज्यातील टीटन धरणाच्या उतारावर सकाळी गळती दिसली आणि दुपारी बाराच्या सुमारास धरण फुटले. गढूळ गळती दिसल्यावर हाती उरणारा वेळ काही तासांचा असू शकतो, हे तिथे दिसले.

तिवरे

रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. मुसळधार पावसात धरण भरले होते. लोंढ्यात खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धरण सुमारे दोन दशकांचे होते, म्हणजे धरणाच्या मानाने तरुण. त्याला गळती असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

खेकड्यांनी पोखरल्याने धरण फुटले, असे विधान त्यानंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी केले आणि त्यावर राज्यभर टीका झाली. तांत्रिक बाजू एवढीच आहे की खेकडे, घुशी, उंदीर, सायाळ यांची बिळे हा मातीच्या भरावाचा नेहमीचा, पुस्तकातही नोंदलेला धोका आहे. म्हणूनच दर वर्षी भराव पायी फिरून पाहणे आणि बिळे बुजवणे हे देखभालीचे काम ठरलेले असते. बिळ सापडले म्हणून देखभालीचा प्रश्न संपत नाही. तिथूनच तो सुरू होतो.

तिवरेत गळती पाहणारे लोक होते. त्यांनी पाहिलेले वेळेवर दुरुस्तीपर्यंत पोहोचले नाही. लहान धरणांच्या बाबतीत हे अंतर सर्वांत घातक असते, कारण तिथे कायमचा राखणदार नसतो, मोजमापाची यंत्रे नसतात आणि सरकारी अभियंता वर्षातून एक-दोनदाच येतो. रोज त्या पाळीवरून जाणारा माणूस गावातलाच असतो.

गावाने काय पाहावे?

पुढील खुणा ओळखायला अभियंता असण्याची गरज नाही.

- गढूळ गळती: पायथ्याशी किंवा मोरीच्या कडेने मातकट पाणी येणे. काचेच्या बाटलीत पाणी भरून ठेवले तर तळाशी बसणारी माती दिसते.
- नवी ओल: गावाकडच्या उतारावर पूर्वी नसलेली ओली जागा, दलदल किंवा उन्हाळ्यातही हिरवेगार राहणारे गवत.
- उकळ्या: पायथ्यापुढच्या जमिनीत पाणी वाळूसह बुडबुडत वर येणे.
- भेगा आणि खचणे: माथ्यावर लांबीभर भेग, आडवी भेग, वाटीसारखा खळगा किंवा उताराचा फुगलेला भाग. आडवी भेग अधिक धोक्याची, कारण ती पाण्याला आरपार वाट देते.
- तलावात भोवरा: भरावाजवळ पाणी गोल फिरताना दिसणे, म्हणजे खाली कुठेतरी तोंड उघडले असण्याची शक्यता.
- झाडे: भरावावर वेडी बाभूळ, कडुनिंब, पिंपळ वाढणे. लहान असतानाच ती काढावीत. मोठे झाड नुसते कापले तर मुळे कुजतात आणि पाण्याला तयार नळ्या मिळतात, म्हणून ते काम अभियंत्याच्या देखरेखीखाली व्हावे.

काही गोष्टी माणसेच बिघडवतात. रब्बीला जास्त पाणी मिळावे म्हणून सांडव्यावर मातीची पोती रचणे, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून तिथे जाळी लावणे, भरावावरून ट्रॅक्टर नेणे, घरासाठी पायथ्याचा मुरूम उचलणे, पिचिंगचे दगड नेणे या सगळ्याचा परिणाम एकच: धरण आखले होते तसे उरत नाही. सांडव्यावर अर्धा मीटर चढवलेले पाणी पुरासाठी ठेवलेल्या मोकळ्या उंचीतून वजा होते.

गाळ काढतानाही हे भान लागते. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तलावातील गाळ शेतात नेला जातो. त्याने साठवण वाढते आणि हलक्या जमिनी सुधारतात. मात्र मूळ तळाच्या खाली खणू नये आणि भरावाच्या पायथ्यालगत यंत्र लावू नये. तिथली चिकण माती उचलली तर पाण्याला भरावाखालून जायला दार उघडते.

किती पाण्यात किती जमीन?

एवढी काळजी कशासाठी, याचे उत्तर पाण्याच्या हिशेबात आहे. धरणाचा साठा दशलक्ष घनमीटरमध्ये, म्हणजे ‘दलघमी’त सांगतात. १ दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर. एक हेक्टरवर ७५ मिलिमीटरची एक पाळी द्यायला ७५० घनमीटर पाणी लागते. गव्हाच्या पाच पाळ्यांना ३,७५० घनमीटर. पाटातली गळती आणि शेतातली नासाडी धरून निम्मे पाणी वाया जाते असे मानले तर धरणातून दुप्पट, म्हणजे हेक्टरी ७,५०० घनमीटर सोडावे लागते. या हिशेबाने १ दलघमी पाण्यात सुमारे १३० हेक्टर गहू भिजतो. हरभऱ्याला कमी पाळ्या लागतात, तिथे क्षेत्र वाढते.

सगळा साठा शेताला मिळत नाही. विमोचकाच्या खालचे पाणी हा मृत साठा. तो गाळासाठी सोडलेला असतो. शिवाय उघड्या तलावातून वर्षभरात दीड ते दोन मीटर जाडीचे पाणी उडून जाते. उथळ तलावाला हा तोटा फार जाणवतो. पाणी कोणाला, कधी आणि किती द्यायचे हे ठरवण्यासाठी २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना अधिकार दिले आहेत. ज्या संस्थेचे सदस्य पाळीसाठी पाटावर फिरतात, त्यांनाच भरावाच्या पाहणीचे रजिस्टर ठेवणे सर्वांत सोपे जाते.

कायदा कुठपर्यंत पोहोचतो?

केंद्राचा धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार धरणाच्या मालकाने, म्हणजे बहुतेक वेळा सरकारी विभागानेच, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाहणी करायची, देखभालीसाठी निधी ठेवायचा आणि आणीबाणीचा कृती आराखडा करायचा आहे. कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना तो काही अटींवर लागू होतो: लांबी ५०० मीटर किंवा अधिक, साठा १० लाख घनमीटर किंवा अधिक, फार मोठा पूर-विसर्ग, पायाच्या विशेष अडचणी किंवा वेगळी रचना यांपैकी किमान एक.

म्हणजे दहा मीटरपर्यंतचे धरण या कायद्याच्या बाहेर राहते, त्याखाली वस्ती असली तरीही. ही धरणे संख्येने जास्त आहेत. त्यांची जबाबदारी संबंधित विभागावर आणि जिल्हा परिषदेवर असतेच, पण कायद्याने ठरवलेली वार्षिक पाहणी त्यांना बंधनकारक होत नाही. ग्रामसभेत तलावाची पाहणी दर वर्षी मे महिन्यात विषय म्हणून घेणे, सांडवा मोकळा असल्याची नोंद करणे, छायाचित्रांसह लेखी तक्रार देणे आणि तिची पोच ठेवणे, हे गावाच्या हातात राहते.

धोका दिसला तर

गढूळ आणि वाढती गळती, आडवी भेग किंवा माथ्यापर्यंत चढलेले पाणी दिसले तर आधी खालच्या वस्तीला उंचावर हलवावे, मग कारणांची चर्चा करावी. त्याच वेळी सरपंच, पोलीस पाटील, तहसील कार्यालय आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवावे. गळतीचे तोंड चिकण मातीने बुजवू नये. पाणी अडले तर ते दुसरीकडून जोराने फुटते. अभियंते अशा जागी पोत्यांचे कडे करून आत वाळू आणि खडीचे थर टाकतात, म्हणजे पाणी येत राहते पण माती थांबते. हे काम त्यांच्यावरच सोडावे. तलाव एकदम रिकामा करणेही धोक्याचे, कारण पाण्याचा आधार अचानक गेल्यावर आतला ओला उतार घसरू शकतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या नव्या मातीच्या धरणाला गळती लागली. प्रशासनाने खालची १८ गावे रिकामी केली, भरावाच्या बाजूने चर खणून पाणी काढून दिले आणि लष्कर व आपत्ती दलाला पाचारण केले. पाणी बाहेर पडले, बांधकामाचे मोठे नुकसान झाले, पण जीवितहानी झाली नाही. तिवरे आणि कारम या दोन्ही ठिकाणी धरणाने आधी खूण दिली होती. कारममध्ये ती खूण पाहून गावे वेळेत हलली.